घरच्या कारखान्यांत घडलेली मोटार

इंग्लंडच्या पश्चिम भागांत माल्व्हर्न नांवाच्या टेकड्या आहेत व त्यांच्या उतारावर त्याच नांवाची एक जुनी शाळा आहे. ह्या शाळेंत विल्यम स्टीफन्सन-पीच नांवाचे एक शिक्षक यंत्रविद्या शिकवीत असत व त्यांच्या हाताखालीं हत्यारांनीं सज्ज असा एक कारखाना असे. त्याच गांवांत हेन्री मॉर्गन नांवाच्या एका तरुणाचें गराज होतें. हा तरुण धर्मोपदेशकाचा मुलगा. स्विंडन येथील रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी करून आलेला. मोटारसायकल करावी ह्या हेतूनें त्यानें प्यूजो कंपनीचें सात अश्वशक्तीचें, दोन सिलिंडरांचें एक एंजिन मिळविलें होतें. पुढें त्याचा विचार बदलला. दोन चाकांऐवजीं तीन चाकें घालावीं, पुढें दोन व मागें एक, आणि मध्यें एका माणसाची बैठक करावी, असें त्याच्या मनानें घेतलें. शाळेच्या त्या कारखान्यांत, त्या शिक्षकांच्या साहाय्यानें, इ. स. १९०९ सालीं ही गाडी उभी राहिली. शाळेचा कारखाना म्हणजे फळ्या रंधून चौरंग करण्याची जागा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पुढच्या वर्षीं लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनांत ही गाडी मांडली, तेव्हां कौतुक झालें, मागणी मात्र बेताचीच आली. कारण एकट्यानेंच फिरावयाची गाडी घेऊन संसारी मनुष्यानें करावें काय? मॉर्गननें १९११ सालीं दोघांची बैठक केली, आणि लंडनच्या हॅरॉड्स ह्या नामांकित दुकानाच्या दर्शनी खिडकींत ती गाडी झळकली. तीन चाकांच्या हलक्या गाडीस कर मोटारसायकलीप्रमाणें द्यावा लागे, मोटारीप्रमाणें नव्हे, हाही लोकप्रियतेचा एक भाग होताच. १९५२ पर्यंत ह्या तीनचाकी गाड्या विकल्या जात होत्या.

मॉर्गनच्या पाठोपाठ अशा गाड्यांची एक लाटच आली. गॉडफ्रे व फ्रेझर-नॅश ह्या दोघां मित्रांनीं १९१० सालीं अशीच एक चारचाकी काढली. मोटारसायकलीचें एंजिन, पट्ट्यांनीं किंवा साखळीनें फिरणारीं चाकें, वर कामचलाऊ पेटी, असें त्या काळच्या गाड्यांचें रूप असे. १९२२ सालीं ऑस्टिन कंपनीची चार सिलिंडरांची लहानशी 'सेव्हन' मोटार बाजारांत आली आणि त्या बहुतेकांची दुकानें बंद झालीं. स्वस्त आणि खरी मोटार मिळूं लागल्यावर अर्धी मोटार कोण घेणार? परंतु ह्यावरून मोटारसायकलीचें एंजिन मोटारींत घालण्याची कल्पनाच निकालांत निघाली असें ज्यांना वाटलें, त्यांची चूक झाली. व्यापाऱ्यानें जें टाकलें तें हौशी माणसानें उचललें.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां इंग्लंडांत पेट्रोल मोजून मिळत होतें आणि नवें सामान दुर्मिळ होतें. लंडनजवळ सर्बिटन येथें चार्ल्स कूपर व त्यांचा मुलगा जॉन ह्यांचें गराज होतें. शर्यतीची गाडी हवी, आणि पैसा तर नाहीं. १९४६ सालीं ह्या बापलेकांनीं लहान फियाट मोटारींचे पुढचे दोन भाग घेतले आणि एकाच्या पाठीस दुसरा लावून सांधले. पुढच्या चाकांना जी स्प्रिंग व जी मांडणी, तीच मागच्या चाकांना मिळाली. एंजिन घातलें तें जे. ए. पी. कंपनीचें, पांचशें घनसेंटिमीटरचें, एका सिलिंडरचें; धुळीच्या गोल मैदानावर धांवणाऱ्या मोटारसायकलींचें. आतां हें एंजिन ठेवावें कोठें? मोटारसायकलीची शक्ति साखळीनें मागच्या चाकास जाते. साखळी आंखूड हवी तर एंजिन मागच्या चाकांजवळच हवें. म्हणून तें चालकाच्या पाठीमागें गेलें. ह्यांत कोणताही मोठा सिद्धांत नव्हता. साखळीची सोय पाहिली, इतकेंच.

परंतु ही सोय फार दूरवर गेली. ह्या लहान कूपर गाड्यांना मागणी येऊं लागली. १९४८ सालीं स्टर्लिंग मॉस नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलानें एक घेतली व पुढें तो जगप्रसिद्ध झाला. कूपरांनीं मोठ्या शर्यतीच्या मोटारी केल्या त्यांतही एंजिन पाठीमागेंच ठेवलें. १९५९ व १९६० ह्या दोन्ही वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबहॅमनें कूपर गाडींतून जगज्जेतेपद मिळविलें, आणि इटलीच्या मातबर कारखान्यांनाही आपलें एंजिन चालकाच्या पुढून उचलून मागें न्यावें लागलें. १९५९ च्या शेवटच्या शर्यतींत, अमेरिकेंतील सेब्रिंग येथें, शेवटच्या टप्प्यांत ब्रॅबहॅमच्या गाडींतलें पेट्रोल संपलें. तो खालीं उतरला व गाडी हातांनीं ढकलीत ढकलीत रेषेपार घेऊन गेला. गाडी हलकी असावी ती एवढ्याकरितांही!

येथपर्यंतची हकीकत कारखानदार झालेल्यांची झाली. जो कधींच कारखानदार होणार नाहीं, ज्याला एकच मोटार करावयाची आहे व तीही स्वतःपुरती, अशा माणसाचा मार्ग मोकळा झाला तो खरेदी-करामुळें. इंग्लंडांत तयार मोटारीवर हा कर भारी होता. सुट्या भागांवर तो नव्हता. कॉलिन चॅपमन ह्या इंजिनीअरनें १९५७ सालीं 'लोटस सेव्हन' नांवाची एक अत्यंत साधी, उघडी मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपानें विकावयास काढली. गिऱ्हाइकानें खोकीं घरीं न्यावीं व आपल्या हातानें गाडी जोडावी. कर चुकवावयाचा तर जोडणीच्या सूचना सोबत देतां येत नसत; तेव्हां गाडी सुटी कशी करावी ह्याच्या सूचना दिल्या जात व गिऱ्हाईक त्या शेवटापासून आरंभापर्यंत वाची, असें सांगतात. १९७३ सालीं हा कर गेला. पण तोंवर हजारों घरांतून पाना फिरविण्याची चटक लागून चुकली होती.

ह्या परंपरेंत पुन्हां एका शिक्षकाचें नांव येतें. औंडल येथील शाळेंतले शिक्षक रॉन चँपियन ह्यांनीं १९९६ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. अडीचशें पौंडांत शर्यतीच्या ढंगाची मोटार घरीं कशी करावी, हा त्याचा विषय. फोर्ड एस्कॉर्ट जातीची एखादी जुनी, गंजलेली मोटार घ्यावी, तिचा मागचा आंस, सुकाणूचें यंत्र व ब्रेक काढून घ्यावे, आणि एक इंच चौरस पोलादी नळीचा सांगाडा स्वतः जोडून त्यावर तें सर्व बसवावें. पैशांचा तो आंकडा पुष्कळांच्या बाबतींत फुगला, हें उघड आहे. घर बांधणाऱ्याचें अंदाजपत्रक आणि मोटार बांधणाऱ्याचें अंदाजपत्रक हीं एकाच माळेचे मणी. तरी ते पुस्तक वाचून अनेक लोक कामाला लागले.

त्याच सुमारास जपानी मोटारसायकलींनीं अचाट मजल मारली होती. यामाहा कंपनीच्या १९९८ च्या 'आर वन' ह्या गाडीचें एंजिन ९९८ घनसेंटिमीटरचें. शक्ति मात्र सुमारें १५० अश्वशक्ति. सुझुकी कंपनीनें १९९९ सालीं बहिरी ससाण्याचें जपानी नांव देऊन 'हायाबुसा' काढली. तिचें एंजिन १२९९ घनसेंटिमीटरचें आणि शक्ति १७० च्या वर. वर सांगितलेल्या साध्या एस्कॉर्ट मोटारीचें एंजिनही तेरांशेंचेंच होतें, पण शक्ति साठाच्या आंतबाहेर. भांडें तेवढेंच, आणि दूध तिप्पट! ह्याचें मर्म फेऱ्यांत आहे. एस्कॉर्टचें एंजिन मिनिटास पांचसहा हजार फेऱ्यांवर दमतें, तर मोटारसायकलीचें दहाअकरा हजारांवर गाऊं लागतें. शिवाय त्याचा क्लच व गिअर त्याच्याच पोटांत असतात, त्यामुळें सर्व मिळून वजन साठसत्तर किलोंच्या आसपास. अपघातांत मोडलेल्या मोटारसायकलीचें असें एंजिन भंगारवाल्याकडे मिळूं लागलें, तेव्हां घरीं सांगाडा जोडून बसलेल्या माणसाला मोह न पडता तरच नवल.

आतां असा एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. दिवसा नोकरी, रात्रीं जेवण झालें कीं गराजांत. घरची नेहमींची मोटार बाहेर पावसांत भिजत उभी आणि आंत लोखंड पसरलेलें, म्हणजे घरांतल्या मंडळींचें मत काय असेल हें वेगळें सांगावयास नको. प्रथम सांगाडा. चार नळ्यांचा चौकोन जोडला तर तो कोपऱ्याशीं दाबतांच चेपतो. त्यांत एक तिरपी नळी घातली म्हणजे दोन त्रिकोण होतात व तो हलत नाहीं. काडेपेटींतल्या काड्यांनीं कोणत्याही मुलास हें पडताळून पाहतां येईल. भूमितीच्या तासाला ज्या त्रिकोणाचा कंटाळा आला तोच त्रिकोण वळणावर आपला जीव राखणार आहे, ही जाणीव माणसास चाळिसाव्या वर्षीं होते, तीही वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर असतांना. नळी कापावी, कानशीनें घासावी, जागेवर धरून पाहावी, पुन्हां घासावी. ह्यांत महिने जातात.

मग एंजिन येतें. तें उचलून सांगाड्यांत ठेवलें, चार बोल्ट आवळले, म्हणजे झालें, असें नवशिक्यास वाटतें. पण सून सासरीं येते ती माहेरच्या सवयी घेऊन येते, आणि ज्या घरांत त्या सवयी ओळखण्याइतकें शहाणपण नसतें तेथें पहिलें वर्ष कठीण जातें. मोटारसायकलीच्या एंजिनाचेंही असेंच आहे. तें ज्या यंत्रासाठीं घडलें त्या यंत्रांतल्या कित्येक गोष्टी तें गृहीत धरून चालतें. त्या कोणत्या, हें शोधून काढणें हेंच घरच्या कारागिराचें खरें काम. पाना चालविणें हें त्यामानानें सोपें.

कांहीं सवयी नुसत्या गमतीच्या आहेत. मोटारसायकलीस उभें राहण्याकरितां बाजूला तिवईचा एक पाय असतो. तो खालीं असतांना कोणी गिअर टाकला तर एंजिन बंद पडावें, अशी तारांची योजना असते. मोटारीस तसा पायच नाहीं. तरी तारा त्याची वाट पाहत राहतात आणि एंजिन कांहीं केल्या चालू राहत नाहीं. दुसरी एक कळ अशी कीं, गाडी आडवी पडली तर पेट्रोल व ठिणगी बंद व्हावी. ती कळ बसवितांना आडवी बसली तर एंजिनाची अशी समजूत होते कीं आपण खड्ड्यांत पडलों आहों. अशा एकेका तारेपायीं चारचार रात्रीं गेल्याच्या हकीकती आहेत.

दुसरी गोष्ट एंजिन ठेवण्याच्या दिशेची. मोटारसायकलींत एंजिनाचा मुख्य दांडा गाडीला आडवा असतो व साखळीचें दांतेरी चाक डाव्या बाजूस असतें. पुढें एंजिन व मागच्या चाकांना शक्ति, अशी मोटार करावयाची तर तें काटकोनांत फिरवून दांतेरी चाकाची बाजू मागें करावी लागते, आणि त्या दांतेरी चाकाच्या जागीं एक चकती बसवून तिला लांब शाफ्ट जोडावा लागतो. येथें मनांत एक भीति येते. शाफ्ट उलट फिरला तर? तर मागें जाण्याचे सहा गिअर व पुढें जाण्याचा एकही नाहीं, अशी जगावेगळी मोटार होईल! सुदैवानें मोटारसायकल पुढें धांवते तेव्हां तिचें दांतेरी चाक डावीकडून पाहतां घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरतें, आणि बहुतेक मोटारींचा शाफ्टही मागून पाहतां तसाच फिरतो. दोहोंचा मेळ आपोआप बसला आहे.

क्लचचें तितकें सोपें नाहीं. मोटारसायकल आणि स्वार मिळून जें वजन, त्याच्या जवळजवळ दुप्पट वजन ह्या मोटारीचें व तींत बसणाऱ्याचें होतें. आणि एंजिनाचा जोर वरच्या फेऱ्यांत आहे, खालच्या फेऱ्यांत तें दुबळें. चढावर गाडी हलवितांना क्लच घसरवीत ठेवावा लागतो व तो लवकर झिजतो. मागें जाण्याचा गिअर तर मोटारसायकलीस नसतोच. कोणी शाफ्टच्या मध्यें दिशा उलटविणारी वेगळी पेटी बसवितो, कोणी विजेची मोटर लावतो. आरंभींच्या मॉर्गन गाड्यांनाही मागचा गिअर नव्हता, असें सांगून कोणी कुळाचाराचा आधार घेतो.

ह्या सर्वांहून घातक सवय मात्र एकच, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं. ती तेलाची.

एंजिनाच्या तळाशीं तेलाची एक कुंडी असते. मिस्त्री लोक तिला चेंबर म्हणतात. त्या तेलांत पंपाच्या नळीचें तोंड बुडलेलें असतें. पंप तेथून तेल ओढून तें बेअरिंगांमध्यें दाबानें पाठवितो, आणि फिरणारी धातु व तिला धरून ठेवणारी धातु ह्यांच्यामध्यें तेलाचा केसाहून पातळ असा पापुद्रा राहतो. सगळें एंजिन त्या पापुद्र्यावर तरंगत असतें म्हटलें तरी चालेल.

मोटारसायकलस्वार वळण घेतांना कलतो, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. त्याचा तेलाशीं काय संबंध, हें फार थोड्यांच्या मनांत आलें असेल. वळणावर दोन जोर लागतात. एक वजनाचा, सरळ खालीं. दुसरा बाहेर फेंकणारा, आडवा. दोहोंचें फलित तिरपें असतें. स्वार व गाडी मिळून नेमकीं इतकीं कलतात कीं तें फलित गाडीच्या मध्यभागांतून चाकांखालीं जावें. तसें झालें नाहीं तर तीं पडतील. अर्थात् बाहेरच्या जगाच्या दृष्टीनें गाडी कितीही कलली तरी तिच्या स्वतःच्या दृष्टीनें 'खालीं' ही दिशा बदलतच नाहीं. चेंबरांतलें तेल तळाशीं जसेंच्या तसें राहतें. पाण्यानें भरलेली बादली मुलें गरगर फिरवितात आणि थेंब सांडत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून मोटारसायकलीचें एंजिन घडविणाऱ्यानें आडव्या हिसक्याची काळजी केलेली नसते, आणि ती करण्याचें त्यास कारणही नव्हतें.

मोटार तशी कलत नाहीं. कललीच तर थोडीशी उलट, बाहेरच्या अंगास. रुंद टायरांची ही हलकी मोटार जोरांत वळली कीं आडवा जोर कधीं कधीं वजनाइतका होतो, आणि तसा झाला म्हणजे चेंबरांतील तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनीं तिरपा होतो. तेल एका भिंतीवर चढतें. नळीचें तोंड उघडें पडतें. पंप तेलाऐवजीं हवा ओढूं लागतो. त्या क्षणीं एंजिन मिनिटास दहा हजार फेऱ्यांवर असेल, तर एका सेकंदांत १६६ फेऱ्या होतात. तीन सेकंदांचें वळण म्हणजे पांचशें फेऱ्या, आणि त्या कोरड्या. पापुद्रा फाटतो, धातूवर धातु घासते, बेअरिंग वितळूं लागतें. चालकाला हें कळत नाहीं. उलट त्याला वाटतें, गाडी आज कशी छान वळते आहे! गाडी सरळ होते, तेल परत येतें, पुढच्या वळणाला तोच खेळ. आणि मग केव्हां तरी ठक्-ठक् असा आवाज येऊं लागतो. तो आवाज ज्यानें एकदां ऐकला तो विसरत नाहीं. त्यानंतरही पाय उचलला नाहीं तर दट्ट्याचा दांडा तुटून एंजिनाच्या भिंतीला भोंक पाडून बाहेर येतो, आणि दीड वर्षाच्या रात्री व सांठविलेला पैसा काळ्या तेलाच्या ओघळाबरोबर रस्त्यावर सांडतो.

ह्यांत कंपनीस दोष देतां येत नाहीं, भंगारवाल्यासही नाहीं. एंजिन चांगलेंच होतें. तें ज्या घरांत आणलें त्या घराची जमीन कलत नाहीं, हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें.

ह्यावर उपाय निघाले ते पुस्तकांतून कमी आणि मोडलेल्या एंजिनांतून अधिक. पहिला उपाय भाबडा: अर्धा लिटर तेल जास्त घालावें. पण तेल फार झालें तर फिरणारा दांडा त्यांत आपटून फेंस करतो, आणि फेंस म्हणजे पुन्हां हवाच. दुसरा उपाय खऱ्या कारागिराचा. चेंबर काढून त्यांत पत्र्याच्या आडभिंती घालावयाच्या व नळीच्या तोंडाभोंवतीं एक खोली करावयाची. त्या खोलीस बिजागरीचीं लहान दारें, आंत उघडणारीं, बाहेर न उघडणारीं. तेल आंत येऊं शकतें, हिसक्यानें बाहेर जाऊं शकत नाहीं. धरणाच्या दारांची कल्पना तळहाताएवढ्या जागेंत केली आहे. तिसरा उपाय महाग: चेंबर जवळजवळ कोरडें ठेवून तेल वेगळ्या उंच टांकींत सांठवावयाचें, एका पंपानें तेथें न्यावयाचें व दुसऱ्यानें तेथून एंजिनास द्यावयाचें. शर्यतीवर जाणारे बहुधा हाच पत्करतात. ह्याखेरीज एक स्वस्त सावधगिरी आहे. तेलाचा दाब कमी झाल्याचें सांगणारा मोटारसायकलीचा दिवा लहानसा असतो. वळणावर रस्त्याकडे पाहणाऱ्यास तो दिसत नाहीं. म्हणून मोठा, लाल, अगदीं डोळ्यांसमोर दिवा लावतात. तो लुकलुकला कीं पाय उचलावयाचा, मग पुढें कोणी कां जाईना.

हा उद्योग इंग्रजांचाच आहे असें मात्र नाहीं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिरानें भंगारांतले भाग व मोटारसायकलीचें एंजिन घेऊन, सुमारें साठ हजार रुपये खर्चून, एक चारचाकी केली. ती मोटारसायकलीप्रमाणें पायानें किक मारून सुरू होई. १९९६ चें तें पुस्तक त्यानें पाहिलें असण्याचें कारण नाहीं. पोटापाण्याचा धंदा संभाळून, मुलाच्या हौसेखातर त्यानें हें केलें. डिसेंबर २०२१ मध्यें त्या गाडीचें चित्र देशभर पसरलें व उद्योगपति आनंद महिंद्र ह्यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती दिलीही. नियमांत बसत नसल्यामुळें स्थानिक अधिकारी आज ना उद्यां ही गाडी थांबवितील, हेंही त्यांनीं त्याच वेळीं म्हटलें होतें, आणि तें खरेंच होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें कारखान्यांतून आलेल्या गाडींतसुद्धां मूळ रचनेहून वेगळा फरक करण्यास मोकळीक नाहीं. मग घरीं घडविलेल्या गाडीची गोष्ट कशाला? आपल्याकडे हा उद्योग नियमांत राहून करतात ते अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी, आणि तोही बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धांपुरता. त्यांच्या लहान शर्यती गाड्यांतून पुष्कळदां पुण्याजवळ चाकण येथें बनणाऱ्या के. टी. एम. मोटारसायकलीचें ३७३ घनसेंटिमीटरचें एंजिन असतें, आणि त्यांनाही तेलाचा हाच धडा गिरवावा लागतो.

इंग्लंडांत घरची मोटार रस्त्यावर आणतां येते, परंतु तपासणी होऊन. २००९ पासून तेथें एकेका गाडीच्या मान्यतेची एक परीक्षा आहे. परीक्षक ब्रेक पाहतो, दिवे पाहतो, सुकाणू पाहतो, धूर मोजतो. ज्या बाहेरच्या कडेस चालत्या माणसाचें अंग लागूं शकतें ती कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येनें गोल केलेली असावी लागते. म्हणजे ज्यानें एंजिनावर दीड वर्ष घालविलें तो आरशाच्या पट्टीचा कोपरा कानशीनें घासला नाहीं म्हणून नापास होऊं शकतो. हें जाचक वाटेल, पण ज्याच्या मांडीला ती पट्टी लागावयाची त्याच्या बाजूनें पाहिलें तर वाटणार नाहीं. पुष्कळ जण पहिल्या खेपेस नापास होतात व दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण होतात. ज्या गाडीचे भाग निरनिराळ्या जुन्या गाड्यांतून आले, व म्हणून जिचें वय ठरवितां येत नाहीं, तिच्या क्रमांकाच्या आरंभीं इंग्रजी 'क्यू' हें अक्षर येतें. इतर लोक त्या अक्षराला नाक मुरडतात. करणाऱ्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं.

आणि मग तो गृहस्थ परीक्षेहून परत निघतो. रस्ता ओला, गाडी उघडी, अंगावर पावसाळी कोट. पहिल्या मोठ्या वळणाशीं तो वेग कमी करतो व लाल दिव्याकडे पाहतो. दिवा लागत नाहीं. दुसऱ्या वळणाशीं किंचित् जोर देतो. तरी लागत नाहीं. घराशीं येतो तों नेहमींची मोटार गराजाच्या दारांतच उभी केलेली असते. मागें घेण्याचा गिअर त्यानें पैसे वांचविण्याकरितां बसविलेला नसतो. तो खालीं उतरतो, आपल्या मोटारीच्या नाकाला हात लावतो आणि तिला चार हात मागें ढकलतो. खिडकींतून घरांतलीं मंडळी पाहत असतात.